तोफचीची जागा

दुपारी तीनच्या सुमारास दाराशी कुणी सायकल स्टँडवर चढवली, की अजूनही माझे कान टवकारतात. काका आले, आता निकाल सांगतील, असं क्षणभर वाटतंच.

काका म्हणजे शेजारच्या क्वार्टरमधले, माझ्या मित्राचे वडील. भिलाईच्या प्लांटमध्ये फोरमन. दोन्ही घरं नागपूरकडची, त्यामुळे मधली भिंत नावालाच होती. मित्राचा मामा जहाजावर नोकरीला होता. त्याने विलायतेहून एक खोका आणून दिला होता. त्यात बोटाच्या पेराएवढे शिशाचे शिपाई, घोडेस्वार, दोन तोफा आणि इंग्रजी नियमांची पुस्तिका. प्लायवूडच्या जुन्या फळीवर आम्ही खडूने नदी काढायचो, फूटपट्टीने अंतर मोजून शिपाई सरकवायचो आणि कोण मेलं ते फासे टाकून ठरवायचो. बारावी झालो तरी हे वेड सुटलं नव्हतं. "पोरीच्या जातीले तोफा कायले लागते वं?" असं आई करवादायची. मला हरणं सोसत नसे, आणि नियम मोडलेला तर त्याहून नाही.

पंच अर्थातच काका. मशीनचं मॅन्युअल वाचावं तशी ते ती पुस्तिका वाचत, कानामागे पेन्सिल खोचून.

त्या सकाळी मी मित्राचा तोफची टिपला. तोफ शाबूत, चालवणारा आडवा. मित्राने लगेच बाजूचा पायदळातला शिपाई तोफेला भिडवला आणि फासे उचलले. मी त्याचा हातच धरला. पुस्तिकेत एका पानावर लिहिलं होतं, की तोफ फक्त तिच्या तोफचीनेच डागावी. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, की तोफेला लागून उभा असलेला कोणताही शिपाई ती ताब्यात घेऊ शकतो. आता यातलं खरं कुठलं?

"बाबा, बाजूलेच तर उभा आहे तो! कावून नाही चालवणार?" मित्र काकांना म्हणाला.

"बाजूले उभा राहिला म्हणून तोफ चालवता येते काय? पायदळातला आहे तो," मी म्हणाले. "तोफची मेला, तोफ मेली."

काकांचा डबा भरून तयार होता. त्यांनी दोन्ही पानं वाचली, चष्मा शर्टाच्या टोकाने पुसला. "घाईत निकाल नाही देत मी. ड्युटीवरून येतो न् सांगतो. तोवर कोनी हात लावाचा नाही." फळी त्यांनी स्वतःच्या हाताने, एकही शिपाई न पाडता, दिवाणाखाली सरकवली.

प्लांटमध्ये रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय कुणी जागा सोडत नाही. त्या दुपारी काकांचा रिलीव्हर आला, काकांनी त्याला चार्ज दिला, आणि तिथेच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरा दिवस माणसं त्या दिवाणावर बसून रडली, चहा प्यायली, कुजबुजली. खाली ते युद्ध तसंच थांबलेलं. मला तिथे बसवेना. पायाखालून कुणी निकाल मागतंय असं वाटायचं.

कुजबुज एकाच गोष्टीची होती. नोकरीत असताना माणूस गेला, की घरातल्या एकाला प्लांटमध्ये घ्यायची रीत होती. अनुकंपा म्हणत तिला. मित्राला रायपूरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, ट्रंकही भरून झाली होती. पण घरात काकू आणि लहान बहीण. नोकरी गेली की क्वार्टरही जाणार.

तेराव्यानंतर त्याने मला बोलावलं आणि फळी बाहेर ओढली. शिपायांवर धूळ बसली होती.

"सांग ना. काय नियम आहे?"

त्याला काय ऐकायचंय ते मला कळत होतं. "नाही चालवू शकत," मी म्हणाले. "तू जाय रायपूरले."

तो हसला, पण कसनुसं. "रिलीव्हर आल्याबिगर बाबांनी कधी जागा नाही सोडली," म्हणाला, आणि पायदळातला तो शिपाई उचलून त्याने तोफेमागे ठेवला.

पुढे माझं लग्न होऊन मी नागपूरला गेले. बऱ्याच वर्षांनी, नव्वद सालानंतर एकदा माहेरी आले असताना शेजारी डोकावले. मित्र प्लांटमध्येच होता, बहिणीचं लग्न त्याने थाटात करून दिलं होतं. तीन वाजता दाराशी सायकल वाजली, आणि मी वळून पाहिलं. दारात काकाच उभे होते. तेच किंचित वाकलेले खांदे, कानामागे पेन्सिल. त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, तेव्हा कुठे तो मला माझा मित्र दिसला.

टीव्हीच्या शोकेसमध्ये ती फळी होती. तोफेमागे तो शिपाई आणि खडूची पुसट नदी.

"मग? काकांनी काय निकाल दिला असता?" मी चेष्टेच्या सुरात विचारलं. आवाज मात्र माझाच मला परका वाटला.

त्याने काच सरकवली. "तोफेले तर मानूस भेटला," तो म्हणाला. मग त्याने पायदळाच्या रांगेतल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "पन हा इथून निघून गेला ना, इथं कोन आलं? ते पाह्यलं मी, पुस्तकात कुठीच नाही लिहेल."