दाजींची आठ टीबी

दाजी गेले त्या दुपारी त्यांच्या खोलीत कुणाचं तरी लग्न चालू होतं. मिरजगावहून आक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला, तेव्हा मागे सिनेमाचं गाणं ऐकू येत होतं. मला वाटलं, ही कुठल्या तरी मांडवातूनच बोलतेय. "दिल्या, तुझं दाजी उठंनात," ती म्हणाली. मी कर्जतहून मोटारसायकल काढली. पोचलो तोवर डॉक्टर येऊन, मान हलवून गेले होते. दाजी खुर्चीतच होते, चष्मा नाकावर, आणि समोर कॉम्प्युटरवर कुठलेसे नवरा-नवरी एकमेकांना पेढा भरवत होते. कॅसेट बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी ती बंद कशी करायची हे त्या घरात फक्त दाजींना येत होतं.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. दाजी म्हणजे काही मोठा माणूस नव्हे. शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. विज्ञानाचे सर बदलत गेले, पण कुठली बाटली कुठल्या फळीवर आहे ते दाजींनाच ठाऊक. एखाद्या पोराकडून काचेची नळी फुटली तर ओरडायचे नाहीत. "सरक बाजूला, पायात घुसंल," एवढंच म्हणून तुकडे स्वतः वेचायचे. निवृत्त झाल्यावर माझ्या भाच्याने पुण्याहून त्यांना कॉम्प्युटर आणून दिला. आत आठ टीबीची डिस्क. मी शाळेत कारकुनी केलेली, मला चार अक्षरं जास्त कळतात अशी माझी समजूत. मी म्हणालो, "दाजी, यात अख्खा तालुका मावंल. तुमच्याकडं भरायला हाय काय? दोन बारशांचं फोटो?" दाजी माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कणगी आधी मोठी करायची आसती मेव्हणं. दाणं मागनं येत्यात."

आणि दाणे आले! आमच्या भागात एका काळात ज्यांची लग्नं झाली त्या प्रत्येकाच्या घरात, पेटीच्या तळाशी किंवा कपाटावर, लग्नाची एक व्हिडिओ कॅसेट असतेच. ती लावायचं यंत्र मात्र कुणाकडे उरलेलं नाही. दाजींनी नगरच्या भंगारातून एक व्हीसीआर उचलला, आठ दिवस खपून चालू केला, कॉम्प्युटरला जोडला आणि गावात सांगितलं, कॅसेट आणा, पेनड्राइव्हवर घालून देतो. घेणार काही नाही, फक्त एक कॉपी माझ्या डिस्कवर राहील. लोक आधी बिचकले. मग पिशव्या भरभरून यायला लागले. बुरशी लागलेली कॅसेट दाजी स्क्रू काढून उघडायचे आणि स्पिरिटच्या बोळ्याने पट्टी पुसत बसायचे, अगदी प्रयोगशाळेत भिंगं पुसावीत तसं. या कामात घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, आणि मध्येच पट्टी अडकली तर तुटते, म्हणून जवळ बसावं लागतं. दाजी बसायचे. हजारेक तास तरी ते परक्यांच्या लग्नात बसले असतील, जेवणाशिवाय.

एकदा मी तिथे होतो. वस्तीवरच्या एक आजी सुनेला घेऊन आल्या होत्या. पडद्यावर वरातीत एक माणूस टोपी उडवत नाचत होता. आजी म्हणाल्या, "हितं थांबीव." दाजींनी चित्र थांबवलं. आजींनी पुढे होऊन पडद्यावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. तो त्यांचा धाकटा दीर, ट्रकखाली गेलेला. मग त्यांनी सुनेला सांगितलं, "बघ, आसा हुता." परत जाताना त्या दाजींना मेथीची जुडी देऊन गेल्या.

हे सगळं दाजी कशासाठी करत होते ते गावाला ठाऊक नव्हतं. आक्कालाही नव्हतं. मला होतं... कारण मुळात चूक माझी होती.

आक्काच्या लग्नानंतर वर्षभरातच आमचे वडील, अण्णा, गेले. त्यांचे फोटो दोन, दोन्ही ताठ बसलेले. हलते-चालते अण्णा होते ते फक्त आक्काच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. म्हणून आईने ती कॅसेट आक्काकडून मागून आणली, देवापाशी ठेवली, आणि दसऱ्याला पाटी-पुस्तकं, कोयता, शिवणयंत्र यांच्याबरोबर तिचीही पूजा केली. भरपूर हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने सगळं पुसलं, त्यात वरचं नावाचं लेबलही निघालं. मी तेव्हा कॉलेजात, क्रिकेटने झपाटलेला. मित्राचा व्हीसीआर घरी आणलेला, सामना टेप करायचा होता, आणि पुसून ठेवलेल्या सामानात हाताला ती बिननावाची कॅसेट लागली. लग्नाच्या कॅसेटवर चुकून काही टेप होऊ नये म्हणून स्टुडिओवाले तिची कडेची खुंटी मोडून देत. तशी ती मोडलेली होती. मी शहाण्याने तिथे चिकटपट्टी लावली, म्हणजे परत टेप करता येतं! एवढी खूण दिसत असूनही एकदा लावून बघावी, हे काही मला सुचलं नाही. आक्काच्या लग्नावर मी अख्खा सामना टेप केला.

चारच दिवसांनी दाजी कॅसेट न्यायला आले. मी त्यांना गोठ्यामागे नेऊन सांगितलं. निम्मं तर त्यांनीच ओळखलं. ते बराच वेळ गव्हाणीतल्या कडब्याची काडी मोडत राहिले. मग म्हणाले, "कुनाला बोलू नगंस. मी बगतो." त्यांनी आईला, आणि घरी जाऊन आक्कालाही सांगितलं, कॅसेटला बुरशी लागली, टाकून दिली. आक्का खूप रडली म्हणे. मला कुणीही बोल लावला नाही, आणि तेच मला इतकी वर्षं टोचत राहिलं.

अण्णा शेतकरी, पण लग्नसराईत त्यांचे हात दुसऱ्यांच्या डोक्यावर. आसपासच्या गावांत फेटे बांधायला अण्णाच लागायचे. बागायतदाराचं लग्न असो की बौद्धवाड्यातलं, मांडवाच्या तोंडाशी अण्णा उभे. खांद्यावर फेट्यांची चळत, समोर पाहुण्यांची रांग. तुरा काढला, मागे शेमला सोडला, की बांधलेल्या फेट्यावर हलकी चापट मारून "चला, म्होरचं" म्हणायचे. आणि शूटिंगवाला सगळ्यात आधी तिथेच यायचा. दाजींनी हे बरोबर हेरलं होतं. आपल्या लग्नातले अण्णा पुसले गेले, पण दुसऱ्यांच्या लग्नात ते असणारच!

पहिल्यांदा सापडले तेव्हा त्यांनी मला फोन करून नुसतं "या" म्हटलं. मी गेलो. पडद्यावर अण्णा कुणा जाडजूड पाहुण्याच्या डोक्याला वेढे देत होते. जेमतेम अर्धा मिनिट. आक्का दाराशी हात पुसत उभी होती आणि हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं. "आगं बया, तेच बनियन बघ, कॉलर न्हाई तरी कॉलरीला हात लावत्यात," ती म्हणाली. मी दाजींकडे बघितलं. दाजी पडद्याकडे बघत होते. त्यानंतर एकेक करून अण्णा येत गेले. कधी अर्धे, कधी पाठमोरे, कधी नुसते हात. दाजी ते तुकडे वेगळे काढून एका फोल्डरमध्ये ठेवायचे. सगळ्या डिस्कची दुसरी प्रत त्यांनी माझ्या घरी, कर्जतला ठेवली होती. बी दोन घरांत असावं, म्हणायचे.

एक गोष्ट मात्र मिळेना... अण्णांचा आवाज. त्या काळी स्टुडिओवाले मिक्सिंग करताना खरा आवाज काढून टाकायचे आणि सगळ्या लग्नावर गाणी घालायचे. अण्णांचे ओठ हलताना दिसायचे आणि कुणी गायिका गायची. दाजी येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "बिनगाण्याची कॅसेट हाय का कुनाकडं?" लोकांना वाटे, म्हाताऱ्याला गाण्याचा तिटकारा आहे. आवाज शेवटपर्यंत मिळाला नाही. गेले त्या दुपारीही ते त्याच शोधात बसले होते.

दाजींचा चौदावा झाला आणि मला राहवेना. इतके दिवस माझ्या वतीने खोटं बोलायला निदान ते तरी होते. मी आक्काला त्यांच्या खोलीत बसवलं आणि सगळं सांगितलं. लेबल, चिकटपट्टी, सामना. तिने ऐकून घेतलं. "तू त्यो तू. पन ह्यांनी पन मला सांगितलं न्हाई?" एवढं म्हणून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मी बाहेरच्या बाहेर निघालो. आठ दिवस तिने माझा फोन उचलला नाही.

नवव्या दिवशी तिचाच फोन. "दोन कॅसेटी येऊन पडल्यात. लोकांना न्हाई कसं म्हनू? मला त्यातलं काय येत न्हाई. तू ये." मी गेलो, व्हीसीआर लावला, आणि तीन तास आम्ही दोघं शेजारी बसलो. कॅसेट संपल्यावर ती म्हणाली, "माझ्या लग्नाची कॅसेट मी किती येळा बगितली हुती, ठावं हाय का? तोंडपाठ हाय मला. टेप कर. सांगते."

मी दाजींचा माइक जोडला. आक्काने डोळे मिटले आणि सांगायला लागली. आधी गणपती येतो. मग गुलाबाच्या फुलातून मी येते, तोंड पाडून. मग मांडव. अण्णा फेटे बांधतायत. "तू हाइस रांगेत. लई हलतुयास, म्हनून तुला दोन चापटा." हे मला आठवतच नव्हतं. माझ्या डोक्यावर अण्णांचे हात होते, तेही मीच पुसले होते. आक्का थांबली नाही. "आता तुझं दाजी. खाली वाकल्यात. अण्णा त्यांच्या कानाशी काय तरी बोलत्यात. गानं हाय, ऐकू येत न्हाई. मी ह्यांना लई येळा इचारलं, काय म्हनलं अण्णा? सांगायचंच न्हाईत. गेल्या दिवाळीत सांगितलं."

"काय म्हणाले?"

"पोरगी शहानी हाय, तिची काळजी न्हाई. पोरगं आल्लड हाय. तेवढं बगा, जावाईबापू."

मी रेकॉर्डिंग थांबवायचं विसरलो. त्यापुढची वीस-बावीस मिनिटं आम्ही नुसते बसलो आहोत. पंखा ऐकू येतो, मध्येच हायवेवरून एक ट्रॅक्टर जातो, माझं नाक ओढणं ऐकू येतं. ती मिनिटं मी कापली नाहीत. जागा पुष्कळ आहे.