भिंतीवरचा दुसरा डोळा

आकुर्डीचा कोंडाजी लढाईवर गेला बंदूक चालवायला आणि परत आला चित्रं शिकून. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारनं त्याला आधी आफ्रिकेत नेलं, मग इटलीत. आफ्रिकेतल्या एका डोंगरी गावच्या चर्चमधल्या भिंतीवरच्या चित्रांत त्यानं पाहिलं की भल्या माणसाचं तोंड समोरून काढतात, दोन्ही डोळे दिसतील असं. दुष्ट तेवढा बाजूनं, एकाच डोळ्याचा. इटलीत तो सावली टाकायला शिकला.

गावी आल्यावर तो आठवडाभर पिंपरीच्या नव्या कारखान्याचे दरवाजे रंगवायचा आणि सुट्टीला लग्नघरांच्या भिंती. त्याच्या गणपतीची सावली पडायची, हत्ती गरगरीत दिसायचे. डोळ्यांचा कायदा मात्र कडक. रावण, कंस एकडोळे. बाकी सगळ्यांना दोन. पंचक्रोशीला हे पाठ झालं होतं. वऱ्हाडी आधी कोण एकडोळा निघाला ते बघत, मग नवरा बघत.

छप्पन्न साली त्याच्या एकुलत्या शालनचं लग्न चऱ्होलीच्या सोपानरावांच्या मुलाशी ठरलं. कोंडाजीनं घराच्या भिंतीवर अख्खी वरात उभी केली. कोपऱ्यात हात जोडून तो स्वतः, आणि सगळ्यांत पुढे व्याही, नवरीच्या दाराकडे मान वळवून. मान अशी झकास वळली होती की, डोळा एकच दिसतोय हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

वऱ्हाड आलं. सोपानराव भिंतीपुढे थांबले.

"कोंडाजीराव, आमी तुमचं काय वाकडं केलं?"

"काय बी न्हाई, व्याही. ही इटलीची तऱ्हा हाय. मान वळली की योकच डोळा दिसतो."

"आन कंसाची मान कुणीकडं वळली हुती?"

सोपानरावांनी बैल जुंपायला सांगितलं. आत शालन हळदीच्या अंगानं बसली होती. कोंडाजीनं कुंचला घेऊन चित्रातल्या व्याह्यांच्या गालावर दुसरा डोळा काढला. इतकं भिकार चित्र त्यानं जन्मात काढलं नव्हतं. सोपानरावांना ते फार आवडलं.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या. कोंडाजी पुन्हा भिंतीशी गेला. भीतीपोटी आपण खोटं काढलं, हे त्याला सलत होतं. कोपऱ्यातलं आपलं तोंड त्यानं पुसलं आणि बाजूनं काढलं, एका डोळ्याचं.

निघताना शालनला ते दिसलं. ती गाडीत चढेना.

"आबा, ह्यो कोण?"

"मीच."

तिनं आपल्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि चित्रातल्या बापाच्या गालावर टेकवलं. डोळा वाकडाच बसला. मग ती गाडीत बसली.

त्यानंतर दर दिवाळीला कोंडाजी त्या भिंतीला चुना द्यायचा, तेवढा कोपरा सोडून.