पोयीखालची बाहुली

ती पोर अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. स्वातंत्र्यानंतरची सुरुवातीची वर्षं. मी रेवदंड्याच्या बाजूला फौजदार होतो. पावसाळा लागला होता. कोळीवाड्यातल्या एका होडीवाल्याने वर्दी दिली, की बायको खडकाला चिकटलेली कालवं काढायला गेली आणि लाटेनं नेली. किनाऱ्याला असल्या वर्द्या नव्या नव्हत्या. नोंद करून घेतली.

मग त्याच्या शेजारची म्हातारी ठाण्यात आली. मासळी विकणारी, कोणाच्या बापाला न भिणारी.

"तिची कोयती घरातच हाय, साहेब. कालवं काय नखानं काढतंय कोण?"

नवऱ्याला आणून बसवलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. प्रेत नाही, पुरावा नाही; सोडून द्यावं लागलं. पाहणारं एकच माणूस असावं, त्याची सहा वर्षांची मुलगी. आई गेल्यापासून तिची वाचाच बसली होती. म्हातारीने तिला स्वतःकडे ठेवलं होतं. बाप "माझी पोर द्या" म्हणून रोज ठाण्यात येई, आणि त्याचा आवाज कानावर पडला तरी पोरीचा परकर ओला होई. कायद्यानं पोर बापाची. किती दिवस टोलवणार?

मी तिला गोळ्या दिल्या, चुचकारलं, दरडावलंही. हूं नाही की चूं नाही. शेवटी हात टेकले आणि तिला बालवाडीच्या बाईंकडे नेलं. बाई पुण्याला बालशिक्षण शिकून आलेल्या. त्यांनी आधी माझा पट्टा आणि टोपी बाहेर काढून ठेवायला लावली.

"तिला काही विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "मोठं माणूस रडून मोकळं होतं, मुलं खेळून होतात."

खुनाचा संशय, आणि म्हणे भातुकली! पण दुसरा इलाज नव्हता.

बाईंनी ओसरीवर वाळू, करवंट्या, नारळाच्या फुलोऱ्याची वाळकी, खोलगट पोय आणि चिंध्यांच्या बाहुल्या मांडल्या आणि शेजारी तांदूळ निवडत बसल्या. पहिल्या दिवशी पोरीने कशाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तिने पोय होडीसारखी वाळूवर ठेवली, तिच्याखाली खड्डा करून एक बाहुली पुरली आणि पोयीवर पानं घातली. मग सगळं मोडलं, आणि पुन्हा तेच. मी तोंड उघडणार, तोच बाईंनी डोळ्यांनी दटावलं.

आमच्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून विणलेल्या झावळ्यांच्या झापांनी शाकारतात. मग नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. हे काम सगळा वाडा मिळून करतो. म्हातारीला विचारलं, तर या बहाद्दराने आपली होडी एकट्यानंच शाकारली होती. पंच बोलावले, होडीखाली खणलं. त्या माउलीचं प्रेत तिथंच होतं. त्यानंतर तो कबूल झाला. बायकोवरच्या संशयानं डोकं फिरलं होतं, दुसरं काही नाही. जन्मठेप झाली.

पोरीला साक्षीला उभं करायचं नाही, असं बाईंनी मला बजावलं होतं. मी ते पाळलं. काम संपलं असं मी म्हणालो, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचं संपलं. तिचं कुठं संपलंय?"

खरंच होतं. बाप गजाआड गेला तरी पोर रोज बाहुली पुरतच होती. श्रीवर्धनहून तिची मावशी न्यायला आली त्या दिवशी मी ओसरीवर होतो. पोरीने बाहुली पोयीखालून काढली, वाळू झटकली, करवंटीतल्या पाण्यानं तिला न्हाऊ घातलं आणि कोरड्या चिंधीत गुंडाळलं. मग बाईंकडे बघून बोलली.

"आता तिला थंडी न्हाय वाजायची."

मला तिथं बसवेना. बाई मात्र तशाच तांदूळ निवडत राहिल्या.

माणसाकडून बोलणं काढून घ्यायला मी नोकरीत शिकलो होतो. ते आपणहून येईपर्यंत शेजारी बसायचं असतं, हे त्या ओसरीवर कळलं. आजही ठाण्यात एखादं मुकं झालेलं पोर आलंय असं कानावर आलं, की तिथल्या अंमलदाराला मी एवढंच सांगतो: आधी पट्टा काढ, आणि खाली बस.