स्टीअरिंग अडकतंय

बाईंच्या हाताखाली गाडी शिकून गेलेली माणसं अजूनही वळणावर आली की आपोआप आरशात बघतात. बावीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली. शाळा त्यांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची. तो ऑफिसात बसायचा, फॉर्म भरायचा, परीक्षेच्या तारखा घ्यायचा. बाई लहान गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसायच्या, शिक्षकासाठी बसवलेल्या जादा ब्रेकवर पाय ठेवून. दोघांचं कधीच फारसं पटलं नाही. पण कामापुरतं बोलणं होतं.

हिवाळा संपता संपता गाडीचं स्टीअरिंग जड व्हायला लागलं. नुसतं जड असतं तर बाईंनी चालवून घेतलं असतं. ते मध्येच धरायचं. वळवलं की अडायचं, जोर लावला की एकदम सुटायचं, आणि वळण संपल्यावर आपणहून सरळ यायचं नावच नाही.

"दादा, स्टीअरिंग अडकतंय," बाईंनी सांगितलं.

त्याने मान वर केली नाही. "गॅरेजवाल्याने मागच्याच महिन्यात बघितलीय. काही नाही तिला. पन्नाशी उलटली तुझी, हातात पूर्वीचा दम राहिला नाही."

पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगितलं. तेव्हा म्हणाला, "चाकात हवा भर." तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याने ऑफिसातल्या दोन शिकाऊ पोरींसमोर हसून म्हटलं, "आमच्या बाई आता गाडीवरच रुसल्यात." पोरी हसल्या. बाई बाहेर आल्या, पण ते हसू त्यांच्या डोक्यात जाऊन बसलं.

त्या दिवसांत एक शिंपीणबाई शिकायला येत. चाळिशीच्या, भित्र्या, पण चिकाटीच्या. अकराव्या दिवशी शाळेच्या कोपऱ्यावर त्यांनी डावीकडे वळण घेतलं, अगदी सांगितलं तसं. स्टीअरिंग अर्ध्यावर अडकलं. त्यांनी घाबरून जोर लावला, ते सुटलं ते थेट फुटपाथच्या दिशेने. बाकावर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत होते. बाईंनी ब्रेक दाबला. गाडी बाकापासून वीतभर अंतरावर थांबली. म्हाताऱ्यांनी पेपर खाली घेऊन दोघींना यथेच्छ शिव्या घातल्या. बाईंनी त्या ऐकून घेतल्या.

शिंपीणबाई रडत घरी गेल्या. संध्याकाळी बाई ऑफिसात शिरल्या तेव्हा भाऊ शिंपीणबाईंशीच फोनवर बोलत होता. "नाही हो, तुमची काही चूक नाही. आमच्या बाईंचं लक्ष नसतं हल्ली. दुसरा शिक्षक देतो तुम्हाला."

बाईंनी खुंटीवरची किल्ली घेतली. अंगणात गाडी जॅकवर चढवली, पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली. आता चाकांवर काही भार नव्हता, तरी स्टीअरिंग फिरवताना एका फेरीत दोनदा अडायचं, दर वेळी त्याच जागी. टॉर्च घेऊन त्या पेडलपाशी आडव्या झाल्या. स्टीअरिंगच्या दांड्यातला जोड गंजून लाल झाला होता.

सकाळी त्या पायीच गॅरेजवाल्याकडे गेल्या. त्याने हात पुसायला जरा जास्तच वेळ घेतला.

"मी दादांना खोटारडे म्हणत नाही बाई," तो म्हणाला, "पण जोड गेलाय हे मी कधीच सांगितलंय त्यांना. गाडी तीन दिवस उभी ठेवा म्हटलं. म्हणाले, परीक्षा होऊन जाऊ देत, तोवर बाईंना बोलू नकोस."

बाई सरळ ऑफिसात आल्या. किल्ली टेबलावर ठेवली.

"चल, तू चालव. शाळेच्या कोपऱ्यापर्यंत."

"मला कामं आहेत."

"तुला माहीत होतं."

तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "होतं. पण तू असतेस ना शेजारी. ब्रेक तुझ्याच पायाखाली आहे."

बाई नंतर सांगायच्या, की तो ओरडला असता, खोटं बोलला असता, तर त्या भांडून मोकळ्या झाल्या असत्या. ह्या वाक्यावर भांडायलाही काही उरलं नव्हतं. शिवाय गाडी त्यांच्या नावावर होती. त्यांनी किल्ली उचलली, कपाटातून गाडीची कागदपत्रं काढली आणि निघाल्या.

"शाळा कशावर चालवू मी?" तो मागून म्हणाला.

"फॉर्मवर चालव," बाई म्हणाल्या.

गाडी ओढून गॅरेजात नेली. जोड नवा बसला, आणि तो बसेपर्यंत बाई स्टूल टाकून समोर बसून होत्या. मग शिंपीणबाईंच्या घरी जाऊन त्यांनी जे घडलं ते सगळं सांगितलं, भावाचं नाव न झाकता. शिंपीणबाई तरी लगेच तयार झाल्या नाहीत. महिनाभराने बाईंकडेच पुन्हा शिकायला आल्या आणि दुसऱ्या प्रयत्नात पास झाल्या.

भावाने दुसरी गाडी घेतली, दुसरा शिक्षक ठेवला. बाई बेइमान निघाल्या असं तो ओळखीच्यांना सांगत असतो. घर एकच, तो वर राहतो, बाई खाली. जिन्यात समोरासमोर आले तर बाई भिंतीकडे सरकून त्याला वाट देतात, आणि तो उतरून जाईपर्यंत त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभ्या राहतात. तो बघत नाही.