खडूमामांचं शून्य

खडूमामांच्या शर्टाच्या खिशाला कायम पांढरा डाग असायचा. त्या खिशात पेन नसे, तंबाखूची पुडी नसे. असायचे ते खडूचे तुकडे. बसस्टँडवर एखादा नवखा माणूस हमखास विचारायचा, "गुरुजी, कोणत्या शाळेवर?" मामा शांतपणे सांगायचे, "विहिरीवर." हसावं की नाही हे त्या माणसाला कळेपर्यंत मामा उदगीरच्या गाडीत जागा धरून बसलेले असायचे.

मामा आमच्या भूजलाच्या कार्यालयात मोजणीला होते. ठरलेल्या गावातल्या ठरलेल्या विहिरींवर वर्षातून चार वेळा जायचं आणि पाणी किती खोल गेलं ते मोजायचं, हे त्यांचं काम. प्रत्येक विहिरीशेजारी जमिनीलगतच्या एका दगडावर लाल रंगाची खूण असे. पोलादी टेपच्या टोकाला मामा हातभर खडू फासायचे, वजन लावून टेप आत सोडायचे आणि वर ओढून खडू कुठवर भिजलाय ते बघायचे. खुणेपासून पाण्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढा आकडा रजिस्टरात. गावातलं कुणीतरी म्हणायचंच, "मामा, दिसतंय की पानी, मोजायचं काय त्यात?" त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं होतं. "लांबून बघून सांगायचं काम पाणाड्याचं. आपलं काम भिजलं का न्हाई, ते बघायचं."

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास मी रसायनतज्ज्ञ म्हणून तिथे रुजू झाले. मी नांदेडची. आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरी माझी, त्यामुळे आईने मला निरोप दिला तो सासरी पाठवल्यासारखा. कार्यालय म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, एक टेबल आणि जुन्या जिल्ह्यातून ट्रकने आलेले रजिस्टरांचे गठ्ठे. त्या गठ्ठ्यांवर मामा बसले होते. मूळचे लोह्याकडचे, पण नोकरी सगळी याच भागात झालेली. "रजिस्टरं इकडं आली, म्हून मी बी आलो. वाटणीत भांड्यासंगं झाकण येतंय तसं," असं त्यांनी स्वतःची ओळख करून देताना सांगितलं.

मी पाण्याचे नमुने घ्यायला त्यांच्याबरोबर फिरतीवर जायची. एका गावात विहिरीवर बसलेल्या म्हाताऱ्याने मला खालीवर न्याहाळलं आणि मामांना विचारलं, "बाई कुनाच्या?" त्याला आडनाव हवं होतं, हे तिघांनाही कळत होतं. मामा म्हणाले, "सरकारच्या," आणि खडू फासू लागले. परतीच्या गाडीत मी त्यांना सांगितलं, की माझ्या आजीला गावच्या विहिरीवर चढता येत नव्हतं. कुणी वरून घागरीत पाणी ओतेपर्यंत ती उन्हात लांब उभी राहायची. मामा म्हणाले, "आजपासून टेप तू धरत जा, पोरी. मी लिवतो." तेव्हापासून कार्यालयात मी बाई आणि विहिरीवर पोरी.

पाणी चाखायची मात्र त्यांना वाईट खोड होती. माझी बाटली भरायच्या आधी ओंजळभर पाणी तोंडात फिरवायचे आणि निकाल द्यायचे: मचूळ, खारं, गोड. बहुतेकदा बरोबर निघायचं, म्हणून मला जास्तच राग यायचा. एका विहिरीला त्यांनी "साखर हाय साखर" म्हणून शाबासकी दिली. त्या गावातल्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. तपासणीत फ्लोराइड नको इतकं निघालं. मी कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला तेव्हा वाटलं, आता वाद घालतील. त्यांनी कागद दोनदा वाचला. "जीभ जल्मभर दाताशेजारी ऱ्हाती, पर दाताचं दुखनं तिला कळत न्हाई," एवढंच म्हणाले. नंतर माझी बाटली भरल्याशिवाय त्यांनी कधी पाण्याला तोंड लावलं नाही.

माझी चूक झाली ती दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. विहिरी आटल्या होत्या, नमुना घ्यायला पाणीच नव्हतं, म्हणून साहेबांनी मला रजिस्टरं नव्या छापील तक्त्यात उतरवायला बसवलं. कोरड्या विहिरीपुढे मामा 'को.' लिहायचे. नव्या तक्त्यात फक्त आकडे चालत होते. माझ्या प्रयोगशाळेत शून्य म्हणजे काही नाही. पाणी नाही, म्हणजे शून्य. मी सुवाच्य अक्षरात शून्यं लिहीत गेले, आणि तक्ता वेळेआधी दिला म्हणून साहेबांनी कौतुकही केलं.

तो तक्ता तहसिलीत गेला. टँकर कुठे चालू ठेवायचे आणि कुठे बंद करायचे, ते त्यावरून ठरणार होतं.

पंधरा दिवसांनी मामा फिरतीवरून आले आणि डबाही न उघडता माझ्या टेबलाशी उभे राहिले. "बाई, उद्या चिंचेच्या विहिरीवर चला. नमुना हाय." उदगीरकडच्या एका गावात ही विहीर होती, काठावर चिंचेचं झाड म्हणून तिचं ते नाव. मी बाटल्या घेऊन गेले. विहिरीवर रिकाम्या घागरी घेऊन बाया बसल्या होत्या. त्यांतली एक उठून म्हणाली, "आमचा टँकर बंद केला, बाई. विहिरीला पानी हाय म्हनं. आमाला तर दिसंना. तुमी शिकलेल्या हाव, तुमी तरी दावा."

मला अजून काहीच उमगलं नव्हतं. मामांनी टेप माझ्या हातात दिली. मी खडू फासला, टेप सोडली. वजन तळाच्या दगडावर खण्णकन वाजलं. वर ओढलेला खडू होता तसाच पांढरा.

"किती लिवू?" मामांनी विचारलं.

मी सवयीने तोंड उघडलं आणि तिथेच थांबले. खुणेपासून पाणी किती खाली, तो आपला आकडा. शून्य खाली म्हणजे पाणी थेट खुणेला टेकलेलं. मी ती विहीर कागदावर तोंडापर्यंत भरून टाकली होती.

"शून्य म्हंजी न्हाई न्हवं, पोरी," मामा हळू आवाजात म्हणाले, बायांना ऐकू जाऊ नये असं. "शून्य म्हंजी काठोकाठ. इतक्या वर्साच्या नोकरीत मला एकदा बी लिवाय मिळालं न्हाई. अन् तू एका बैठकीत किती लिवलीस!"

मी त्या बायांसमोर रडले. लाज वाटली, पण आवरेना. नोकरी अजून पक्की झाली नव्हती, आईचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. आणि समोर त्या घागरी होत्या. मामांनी समजूत घातली नाही. "रड, पर लौकर. साडेतीनची गाडी हाय," म्हणाले.

गाडीत त्यांनी एक तोड सुचवली. साहेबांना सांगायचं, की मामांचं अक्षर लागलं नाही म्हणून घोळ झाला. "मला काय व्हतंय? रिटायर व्हायला आलोय. तुजी नोकरी कवळी हाय." क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मामांचं 'को.' छापल्यासारखं स्वच्छ असायचं. त्या अक्षराला दोष द्यायला माझी जीभ रेटेना. त्याच संध्याकाळी साहेबांच्या हातात मी लेखी कबुली दिली. साहेब खूप बोलले, आणि सकाळी जीप काढून स्वतः तहसिलीत गेले. मामांनी आणि मी सगळी रजिस्टरं पुन्हा लावली, तेव्हा आणखी चार विहिरी अशाच माझ्या कृपेने भरलेल्या सापडल्या. टँकर तिसऱ्या दिवशी सुरू झाले. टँकर बंद होते ते सगळे दिवस त्या गावांनी कसे काढले, हे विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.

मला लेखी ठपका मिळाला, नोकरी मात्र वाचली. मामांनी तो कागद हातात धरून वजन केल्यासारखं केलं. "हलका हाय. घागरीपरीस लई हलका," म्हणाले.

पुढे ते निवृत्त होऊन लोह्याकडच्या आपल्या गावी गेले. जाताना खडूची अर्धी पेटी माझ्या खणात ठेवून गेले. बरीच वर्षं गेली. मग एका साली पाऊस असा लागला, की ओढे रस्त्यावर आले. उघडीप पडल्यावर मी मोजणीला निघाले. चिंचेच्या विहिरीचं पाणी लाल खुणेला टेकलं होतं. टेप सोडायला जागाच नव्हती. मी वाकून हाताने पाणी हलवलं, तर लाट दगडावर आली.

रकाना मी कोरा ठेवला. रविवारी रजिस्टर घेऊन थेट मामांच्या गावी गेले. ते बाजेवर पडून होते, डोळ्यांना कमी दिसत होतं. मी सगळं सांगितलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

"हात भिजला का तुजा?"

"भिजला, मामा. कोपरापर्यंत."

त्यांनी पेन परत केलं. "मग तूच लिव. ज्येचा हात भिजला, त्येनं लिवायचं." मी शून्य काढलं. मामा म्हणाले, "आता म्होरं शेरा लिव. न्हाईतर येकांदी शिकलेली बाई कोरडी समजंल."

मी शेऱ्यात लिहिलं, 'काठोकाठ'. त्यांनी ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं.

त्या हिवाळ्यात मामा गेले. पुढच्या मोजणीला मी चिंचेच्या विहिरीवर गेले, तेव्हा पाणी खुणेपासून बरंच खाली उतरलं होतं. मी पर्समधून खडू काढला आणि टेपला फासला.