उतारावरची व्हॅन
ऊन तापलं की व्हॅनच्या पत्र्याला अजून शेळ्यांचा वास येतो आणि वेल्ह्याच्या वरच्या अंगाची ती वाडी आठवते. एका जागी मन टिकत नव्हतं, म्हणून भाड्याची खोली सोडली होती. राहायला आणि फिरायला जुनी व्हॅन हवी होती, आडरानात दगा न देणारी. सारोळ्यात, किकवीत पाहिलेल्या गाड्या इतक्या चकचकीत होत्या की एकीवरही विश्वास बसला नाही. ही मात्र त्या वाडीत, एका गोठ्यापुढच्या उतारावर, चाकाला दगड लावून उभी होती. “बाबा, सपाटीवर सुरू करून दाखवा,” मी म्हणालो. शेळ्या पाळणारे म्हातारे मालक घुटमळले. दारातून त्यांची बायको ओरडली, “अवं, सांगा की खरं! त्यास्नी हिच्यात ऱ्हायाचंय, शेळ्या न्हाई न्यायच्या!” म्हातारे ओशाळून हसले. “स्टार्टर कवा कवा रुसतो. पर उतारावर लावा, दगड काढा, गिअर टाका. कुठंबी अडकली न्हाई.” मी स्टिअरिंगवर बसलो, त्यांनी दगड काढला, गाडी घरंगळली आणि गिअर टाकताच धडधडत सुरू झाली. जिचा दोष आधी कळला अशी ही एकच गाडी होती, म्हणून घेतली. निघताना त्यांनी दगडही आत ठेवला. स्टार्टर मी पुढे बदलला. तरी मुक्कामाला अजून उतारच शोधतो. सपाट जागेवर झोप लागत नाही.