शेवटच्या धड्यापासून

वाडीवरच्या शाळेला स्टाफरूम नसते, पण किस्से तरीही जमतात. मुरबाडला ट्रेनिंग लागलं की शहापूर-मुरबाडचे आम्ही शिक्षक एकत्र यायचो आणि चहा येईपर्यंत एकेकाची पोतडी सुटायची. मी आमच्या भोईर गुरुजींचे किस्से सांगायचे. सुरुवातीला सगळे हसायचे, मग हळूहळू आलेला चहा तसाच गार व्हायचा. तुम्हीही ऐका.

*

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. तानसाच्या बाजूला कातकरी वाडीवर आमची दोनशिक्षकी शाळा, चौथीपर्यंतची. गुरुजी जुने, मी नवी. जूनचा पहिला आठवडा, आणि गुरुजी चौथीला पुस्तकातला शेवटचा धडा शिकवत होते!

"गुरुजी, हे काय? पहिला धडा?"

"पहिले धडे ही पोरं दर वर्षी शिकतात, बाई. दिवाळी झाली की आईबापाबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. तोवर नवी इयत्ता! शेवटचा धडा या वाडीत आजवर कुणी बघितलाच नाय."

मला हसू आलं. मग मुलांची तिसरीची जुनी पुस्तकं चाळली. पुढची पानं मळून फाटलेली, मागची कोरी करकरीत. हसू गेलं.

*

श्रावणात साहेब तपासणीला आले. चौथीला पहिला धडा वाचायला सांगितला. मुलं अक्षरं लावत अडखळली. साहेबांनी वैतागून पुस्तकाची शेवटची पानं उघडली, तर सगळी घडाघडा वाचायला लागली!

"भोईर, अभ्यासक्रम क्रमानं शिकवायचा असतो. पुस्तक जूनला सुरू होतं, एप्रिलला संपतं."

गुरुजी हात जोडून म्हणाले, "बरोबर आहे साहेब. तेवढं भट्टीच्या मुकादमालापण सांगा."

साहेब चहा न घेता गेले.

*

ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगत, मुलांच्या परिसरातलं शिकवा. मी परत आल्यावर उत्साहानं म्हटलं, "आपापल्या घराचं चित्र काढा."

चौथीत सोनी होती. वर्गात सगळ्यांत हुशार, आणि कडेवर कायम तिचा तान्हा भाऊ, बारक्या. तिनं विचारलं, "कंचं घर, बाई? इथलं का भट्टीवरचं?"

"दोन्ही काढ."

इथलं घर छान निघालं. दुसऱ्याला भिंती होत्या, छप्पर होतं, दार नव्हतं. म्हटलं, "अगं, दार विसरलीस!"

"नाय बाई. तिथं दार नस्तं. गोणपाट आस्तो."

त्यानंतर कितीतरी दिवस मी चित्रकलेचा तासच घेतला नाही.

*

सोनीनं चौथीची परीक्षा द्यावी, हा गुरुजींचा ध्यास. वाडीतली एकही मुलगी तोवर चौथी पास झालेली नव्हती. दिवाळीआधी ते तिच्या आईकडे गेले. मी सोबत होतेच.

"सोनीला आमच्या घरी ठेव. माझी बायको सांभाळील."

"हिला ठिवली तर मी विटा थापताना बारक्याला कोन धरील?"

गुरुजी म्हणाले, "मग बारक्यालापण ठेव!"

आई हसली. "त्यो अजून अंगावर पितो, गुरुजी."

दिवाळी सरली तसा ट्रक आला. सोनी बारक्याला घेऊन मागे चढली. गुरुजी ट्रकजवळ गेले नाहीत, रिकाम्या वर्गात फळा पुसत राहिले.

*

एप्रिलमध्ये गुरुजी एसटीनं भट्टीवर गेले आणि सोनीला परीक्षेपुरतं घेऊन आले. बारक्या सोबत! तो आता भात खायला लागला होता, म्हणून आईनं दोघांना सोडलं. मी त्याला घेऊ पाहिलं, तर त्यानं शाळा डोक्यावर घेतली. शेवटी सोनीनं त्याला मांडीवर घेऊनच पेपर लिहिला.

तोंडी परीक्षेत ती वाचायला लागली. गुरुजींची सवय होती, "मोठ्यानं वाच, पोटात भात नाय का?" असं ओरडायची. त्या दिवशी वाकून पुटपुटले, "हळू वाच गो. बारक्या झोपलाय."

*

सोनी पास झाली! माणसं भट्टीवरून परतली तशी आम्ही पेढे घेऊन तिच्या घरी गेलो.

आई खूश. "म्हंजे हिची साळा झाली ना?"

"झाली कुठं? आता पाचवी."

"ती साळा नाल्यापल्याड. तवढं लांब पोरीला एकटी कोन धाडील? पास झाली, बास. औंदा माज्यासंगं विटा थापंल."

गुरुजींनी आश्रमशाळेचं नाव काढलं, पुष्कळ समजावलं. आई नुसती मान हलवत बारक्याला पेढा भरवत होती. सोनी दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

जूनमध्ये शाळा उघडली. वर्गात गेलो तर सोनी चौथीच्या ओळीत बसलेली.

गुरुजी म्हणाले, "अगो, इथं कुठं बसलीस? तू पास झालीस ना!"

ती उठून उभी राहिली. खाली बघत म्हणाली, "गुरुजी, मला नापास करा ना."